पाणी देऊनही मिरची वाळतेय, आणि कुंडीच्या काठावर हे पांढरं काय साचलंय?

गच्चीवरची_मिरची | १७ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपूर, त्रिमूर्ती नगर. गच्चीवर हिरव्या नेटखाली बावीस कुंड्या. मिरची, वांगी, टमाटर, एक लिंबू, आणि ड्रममध्ये संत्र्याचं कलम. नवऱ्याच्या मते ते कलम म्हणजे माझं तिसरं अपत्य.

तीन आठवडे झाले, मिरचीच्या पानांची टोकं तपकिरी होऊन कडेकडेनं जळत चालली आहेत. आधी वाटलं ऊन, कारण ४२ चालू आहे इथं. म्हणून पाणी वाढवलं, सकाळ-संध्याकाळ. तरी दुपारी माना टाकतात, आणि माती बोटाला चांगली ओली लागते! मग वाटलं पोषण कमी पडतंय, म्हणून १९:१९:१९ खताचा एक चमचा प्रत्येक कुंडीला, दर रविवारी. त्यानं आणखीच बिघडलं. कुंड्यांच्या काठाला आतून पांढरा थर धरलाय, नखानं खरवडला की भुकटी पडते. बुरशी समजून त्यावर हळद टाकली.

फोटो लावलेत. काय चुकून राहिलं माझं?

पुणेरी_कुंडी | १७ एप्रिल, रात्री १०:०५

ऊनच आहे. नेट दुहेरी करा. हळदीनं काही होणार नाही, पण फोटो प्रसन्न आलाय.

वऱ्हाडी_माळी | १८ एप्रिल, सकाळी ६:२०

ताई, ऊन नाही हे. उन्हानं भाजलं असतं तर सूर्याकडच्या बाजूला, पानाच्या मधोमध पांढुरका डाग पडला असता. तुमच्या फोटोत जुनी पानं टोकाकडून जळत आली आहेत आणि मधलं अंग हिरवं आहे. वरून ओल्या मातीत झाड मान टाकतंय. हे मीठ आहे.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून दहा मिनिटं ठेवा, ताटलीत पाणी सुटतं ना? तेच तुमच्या मुळांचं होऊन राहिलंय. मातीतल्या पाण्यात क्षार इतके वाढले की मुळाला ते ओढताच येत नाही. पाणी आहे पण झाड तहानलेलं. तुम्हाला वाटलं भूक लागली, तुम्ही खत टाकलं. खत म्हणजे पण मीठच बाप्पा, युरिया सोडला तर.

तो थर बुरशीचा असता तर लोकरीसारखा मऊ लागला असता. थोडा खरवडून वाटीत घ्या, पाणी टाका. विरघळला तर क्षार. जो विरघळत नाही त्यावर लिंबू पिळा, फसफसलं तर चुना. तुमच्याकडे दोन्ही निघेल असा माझा अंदाज.

पण आठवड्याला एका चमच्यानं तीन आठवड्यांत इतकं व्हायला नको. पाणी कुठलं देता?

गच्चीवरची_मिरची | १८ एप्रिल, सकाळी ११:१५

काका, वाटीत टाकलं. अर्धं विरघळलं, उरलेलं लिंबानं फसफसलं!

पाणी सकाळी नळाचं, गोरेवाड्याहून येतं ते. संध्याकाळी कूलरच्या टाकीचं, रविवारी तर टाकी पूर्ण उपसून कुंड्यांनाच घालते. शिवाय स्वयंपाकघरातल्या आरओच्या बारक्या नळीतून जे निघतं ते बादलीत धरते. उन्हाळ्यात पाणी वाया कशाला घालवायचं? भांड्यांचं नाही देत हो, साबण असतो एवढं कळतं मला.

मीटरवाला | १८ एप्रिल, दुपारी १:३०

सापडला चोर.

बुटीबोरीला कामाला आहे, बॉयलरच्या पाण्याशी रोजचा संबंध. तुमचा कूलर म्हणजे छोटा बॉयलरच समजा. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, क्षार सगळे टाकीत मागे राहतात.

हिशोब करू. माझ्या घरी नळाच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २२० येतो, म्हणजे लिटरला २२० मिलिग्रॅम. ६० लिटरची टाकी भरली की त्यात १३ ग्रॅम क्षार. या दिवसांत दिवसाला ५० लिटर सहज उडून जातं, तेवढंच पुन्हा भरतो. म्हणजे रोज ११ ग्रॅमची भर. सात दिवसांनी टाकीत ९० ग्रॅम, लिटरला दीड ग्रॅम! काही चुना ताट्यांवर बसतो, म्हणून तर दोन महिन्यांत खस दगडासारखी होते. पण यात मेख अशी, की बसतो तो चुना आणि पाण्यात उरतं ते सोडियम आणि क्लोराइड. झाडाला नको असतं नेमकं तेच.

काल माझ्या कूलरमध्ये टीडीएस मोजायचं पेन बुडवलं, आठ दिवसांचं पाणी होतं. १३४०. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं ४६०.

आजीची_बाग | १८ एप्रिल, दुपारी ४:१०

अगं बाई. मी पंधरा वर्षं कूलरचं पाणी मोगऱ्याला घालते.

मीटरवाला | १८ एप्रिल, दुपारी ४:२५

मोगरा जमिनीत आहे की कुंडीत?

आजीची_बाग | १८ एप्रिल, दुपारी ४:४०

जमिनीत, भिंतीलगत.

मीटरवाला | १८ एप्रिल, दुपारी ४:४५

म्हणून वाचलाय. जमिनीत पावसाळ्यात मीठ खाली धुऊन जातं. नेटखालच्या कुंडीत ते जाणार कुठं?

वऱ्हाडी_माळी | १८ एप्रिल, रात्री ८:००

मीटरवाला भाऊंनी नस पकडली. आता उपाय. माती धुवायची. घाई न करता वाचा.

खत बंद, सगळं, शेणखतसुद्धा. कूलर आणि आरओचं पाणी बंद. वरची बोटभर माती खरवडून काढून टाका, नाहीतर तो पांढरा थर विरघळून पुन्हा मुळांशीच जाईल. कुंडीखालची ताटली काढा, दोन विटांवर कुंडी ठेवा आणि खालचं भोक काडीनं मोकळं करा. भोकातून पाणी निघत नसेल तर धुण्यात अर्थ नाही, उलट मुळं कुजतील.

मग नळाचं पाणी किती? शेतातला ठोकताळा आहे. एक फूट खोल मातीतून सहा इंच पाणी खाली गेलं की क्षार निम्मे होतात, बारा इंच गेलं की ८० टक्के निघतात, चोवीस इंचांनी ९० टक्के. बारा इंच तोंडाच्या सरळ उभ्या कुंडीत सहा इंच पाणी म्हणजे ११ लिटर, म्हणजे २२ लिटरनं तुमचं बरंचसं काम होतं. पुढच्या २२ लिटरनं फक्त दहा टक्के. म्हणून दोन बादल्यांवर थांबा, पाण्याचे दिवस आहेत.

एकदम ओतू नका. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, तीन-चार लिटरचे हप्ते, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. खाली निघालेलं पाणी पुन्हा कुंडीत घालायचं नाही. (हसू नका, घालतात लोक.)

नवखा२२ | १८ एप्रिल, रात्री ११:५०

हे म्हणजे 'फ्लश' ना? इंग्रजी व्हिडिओंमध्ये गांजा लावणारे करतात. कापणीच्या आधी दोन आठवडे नुसतं पाणी देतात, म्हणे झाडातलं खत निघून जातं आणि चव सुधारते. टमाट्याला पण करायचं का तसं?

संपादक | १९ एप्रिल, सकाळी ८:००

एक नोंद. गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड एनडीपीएस कायदा, १९८५ खाली गुन्हा आहे, कुंडीतल्या एका झाडाचीसुद्धा. धाग्यावर मिरची-संत्र्याचं बोलू.

वऱ्हाडी_माळी | १९ एप्रिल, सकाळी ८:३०

संपादकसाहेबांचं बरोबर. पण पोट्ट्याच्या प्रश्नात एक घोळ आहे, तो सोडवतो.

मातीतलं मीठ धुणं वेगळं आणि झाडाच्या आतलं काढणं वेगळं. पाणी ओतून माती धुतली जाते, पान धुतलं जात नाही. जुन्या पानात गेलेलं क्लोराइड तिथंच राहतं, म्हणून जळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. पालक-मेथीला काढणीआधी काही दिवस नत्र थांबवलं तर पानातलं नायट्रेट उतरतं, हे खरं. पण ते धुतल्यानं होत नाही, झाड साठवलेलं खाऊन टाकतं म्हणून होतं.

आणि टमाट्याचं तर उलटंच. पाणी थोडं खारट असलं तर फळं लहान येतात, पण गोडी वाढते. उत्पादन घटतं, म्हणून कोणी मुद्दाम करत नाही.

गच्चीवरची_मिरची | २१ एप्रिल, रात्री ९:१०

करून पाहिलं काका. दोन कुंड्यांवर. फजिती.

पहिल्या कुंडीत चार लिटर ओतलं तर मिनिटभरात खालून निघालं, जसंच्या तसं, जणू नळीच टाकली होती. दुसरीत उलट. दहा लिटरनंतर पाणी वर तुंबलं ते रात्रीपर्यंत उतरलं नाही. जे थेंब थेंब निघालं ते शाईसारखं काळं. त्यातच खालच्या काकू वर आल्या, त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर आमची माती ठिबकली म्हणून. त्यांना मिठाचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. नाही समजलं.

माती दिराच्या हिंगण्याच्या शेतातली काळी, तीन हिस्से, आणि एक हिस्सा शेणखत.

पुणेरी_कुंडी | २१ एप्रिल, रात्री ९:३०

पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, क्षार विरघळतील.

वऱ्हाडी_माळी | २१ एप्रिल, रात्री ९:५०

काळ्या मातीत चुनखडीच इतकी असते की तुमचं व्हिनेगर तीच खाऊन टाकेल. नको.

खारपाणी | २२ एप्रिल, सकाळी ७:०५

राम राम. मी दर्यापूरकडचा. आयडीवरून कळलंच असेल.

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या पट्ट्यात, हे दुखणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. विहिरीत पाणी आहे, पण खारं. दिलं तर जमीन बिघडते, म्हणून कित्येक गावं पावसावरच कपाशी-तूर काढतात. तेव्हा ताई, तुमच्या दोन कुंड्यांत दोन वेगळे रोग आहेत, ते मले ओळखीचे वाटले.

पहिल्या कुंडीत माती वाळून भेगा पडल्या होत्या आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटली होती. पाणी भेगेतून सरळ खाली गेलं, ढेकळाच्या पोटातलं मीठ तसंच. काळी माती आधी भिजवून फुगवा लागते. आदल्या दिवशी बाटलीच्या बुचाला भोक पाडून उलटी खोचा, एक लिटर रात्रभर ठिबकू द्या. भेगा मिटल्या की मग धुवा.

दुसरीतलं काळं पाणी हे जास्त वाईट लक्षण. सोडियम मातीच्या कणांवर बसलं की जोवर पाणी खारट असतं तोवर कण धरून राहतात. तुम्ही गोडं पाणी ओतलं, मीठ गेलं, सोडियम राहिलं, कण सुटे झाले आणि बारीक छिद्रं बुजली. आमच्याकडे ओली असताना साबण आणि वाळली की दगड अशी जमीन म्हणतात ते हेच.

घरी तपासा. काचेच्या ग्लासात एसीचं पाणी किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी घ्या, त्यात वाळलेलं मातीचं खडं हळूच सोडा, हलवू नका. दोन तासांत खड्याभोवती धुक्यासारखा गढूळपणा पसरला तर सोडियम. नुसतं खडं फुटून बारीक झालं आणि पाणी नितळ राहिलं तर काळजी नाही.

सोडियम निघालं तर आधी जिप्सम. कृषी केंद्रात मिळतं, चुना नाही आणि प्लास्टर ऑफ पॅरिस पण नाही. मूठभर वरच्या दोन-तीन इंचांत मिसळा. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून दम धरा. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सोडियम पाण्यासोबत खाली जाते. आठवडाभर साधं पाणी, मग धुणं.

गच्चीवरची_मिरची | २२ एप्रिल, दुपारी १२:२०

ग्लास ठेवलेत. दुसऱ्या कुंडीच्या खड्याभोवती ताकासारखं झालं. पहिलीचा ग्लास नितळ. दुसऱ्या कुंडीतच मी आरओची बादली उपडी करायची, नळीजवळ आहे म्हणून!

मीटरवाला | २२ एप्रिल, दुपारी १:१५

धुण्याआधी आणि नंतर मोजा, नाहीतर झाड बरं झालं की आपल्याला वाटलं ते कळत नाही. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, मग वरून थोडं एसीचं पाणी घाला. खालून वाटीभर निघेल त्यात पेन बुडवा.

पेन खरं तर ईसी मोजतं, म्हणजे पाणी वीज किती वाहून नेतं ते, आणि त्याला गुणकानं गुणून टीडीएस दाखवतं. तेव्हा पेन टीडीएस दाखवत असेल तर त्याचा गुणक बघा. ०.५ चं असेल तर १००० म्हणजे ईसी २. ०.७ चं असेल तर तेच १००० म्हणजे १.४ च. लोक या एका गोष्टीवरून भांडतात.

पुस्तकात मिरचीचं उत्पादन ईसी १.५ च्या पुढे घटायला लागतं, टमाट्याचं २.५ च्या पुढे, फरसबी तर १ लाच कुरकुरते. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचे आहेत. वाटीतल्या निचऱ्याशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण दिशा कळते. एकाच मातीत, एकाच उन्हात तुमची मिरची आधी का पडली आणि टमाटर का टिकला, तेही यावरून कळतं.

अजून एक. खत कालवलेल्या पाण्यात पेन बुडवून फसू नका. १९:१९:१९ मधलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं आणि युरिया वीज वाहून नेत नाही, म्हणून आकडा कमी दिसतो. मातीत गेल्यावर त्याचं अमोनियम आणि नायट्रेट झालं की मग तोही मोजणीत येतो.

गच्चीवरची_मिरची | ५ मे, रात्री १०:००

उशीर झाला, घरात लग्न होतं.

जिप्सम टाकून आठ दिवस थांबले. बाटल्या उलट्या खोचून भिजवलं, मग पहाटे पाचला बादल्या. एका दिवशी चारच कुंड्या झेपतात, कंबर बोलते. खाली जुना टब ठेवला, काकूंची चादर सुरक्षित.

०.५ चं पेन घेतलंय. पहिल्या कुंडीचा निचरा आधी ईसी ६.८ होता, दोन बादल्यांनंतर २.१. दुसरीचा ७.४ वरून ३.९, पण पाणी आता नितळ निघतं आणि वीस मिनिटांत उतरतं. सात मिरच्यांपैकी दोन गेल्या, उपटल्या तर मुळं तपकिरी, नुसते धागे. बाकी पाचांना नवी पानं आलीत, टोकं हिरवी.

संत्र्याचं मात्र वेगळंच. त्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. हे पण मीठ?

वऱ्हाडी_माळी | ६ मे, सकाळी ६:१५

नाही. टोक जळणं म्हणजे मीठ. नव्या पानावर हिरव्या शिरांची जाळी म्हणजे लोह कमी. मातीत लोह आहे, पण चुनखडीत अडकून बसतं. काटोल-कळमेश्वरच्या बागांत चुनखडीच्या जमिनीवर हेच दिसतं. त्यात तुम्ही धुऊन माती ओलीगच्च ठेवली, मुळांना हवा नाही, म्हणून जास्त उठून दिसतंय.

आता संत्र्याला पाणी कमी. वरची दोन इंच माती सुकू द्या. बागेत आंबिया बहराच्या फुलोऱ्यासाठी पाणी तोडून ताण देतो तसा कडक ताण नाही, ड्रममधलं झाड मरेल. पंधरा दिवसांत नवी पालवी सुधारली नाही तर लोहाचं चिलेट (मुळाला घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण आपल्या मातीच्या सामूत टिकत नाही. आणि संत्र्याला पालाश द्यायचंच झालं तर सल्फेटचं, म्युरिएट ऑफ पोटॅश नको. क्लोराइड या झाडाला सोसत नाही.

मिरचीला दहा दिवसांनी खत चालू करा, नेहमीच्या पावपट. धुण्यात नायट्रेट आणि थोडं पालाश पण गेलंय, ते विसरू नका. पुढं दर पाण्याला इतकं द्या की खालून थोडं निघेल, सात-आठ भागांत एखादा भाग. नुसतं वरवर शिंपडलं की मीठ साचतच जातं.

आजीची_बाग | ६ मे, सकाळी १०:३०

पावसाळा लागला की कुंड्या नेट आणि शेडखालून बाहेर काढ गं. पावसाच्या पाण्यात मीठ नसतंच म्हटलं तरी चालेल. आमच्या सासूबाई मृगाच्या पहिल्या सरीत तुळस उचलून अंगणात ठेवायच्या. आम्हाला वाटायचं धर्म.

नवखा२२ | ६ मे, सकाळी ११:००

मग कूलरचं पाणी टाकायचं कुठं? नाल्यात?

गच्चीवरची_मिरची | ६ मे, दुपारी २:००

आम्ही संडासात आणि गच्ची धुवायला वापरतो आता. आणि टाकी आठवड्याला नाही, दर दोन दिवसांनी उपसते. ताट्यांवरचा थरही कमी धरतोय, कूलर जास्त गार वाटतो. नवऱ्यानं याचं श्रेय स्वतः बदललेल्या टुल्लू पंपाला दिलंय.

गच्चीवरची_मिरची | २४ जून, सायंकाळी ६:५०

चार दिवस झाले, चांगला बरसतोय. सगळ्या कुंड्या उघड्यावर. आज मोजलं, दुसऱ्या कुंडीचा निचरा १.२. संत्र्याची पालवी हिरवी, चिलेट द्यावंच लागलं नाही. मिरच्या लागल्यात, ठेच्यापुरत्या.

पुणेरी_कुंडी | २४ जून, सायंकाळी ७:३०

अभिनंदन. व्हिनेगरचा सल्ला मागे घेतो. एसीचं पाणी तुळशीला चालतं का? आमच्याकडे दिवसाला अर्धी बादली निघतं.

मीटरवाला | २४ जून, रात्री ८:१०

चालतं. ते हवेतून निथळलेलं पाणी, माझ्याकडे टीडीएस १८ येतो. नुसतं तेच रोज देऊ नका, त्यात कॅल्शियमही नसतं. नळाच्या पाण्याशी आलटून-पालटून द्या.

गच्चीवरची_मिरची | २४ जून, रात्री ८:२५

आमच्या घरी एसी नाही. ग्लासातल्या तपासणीचं पाणी खालच्या काकूंच्या एसीचं होतं. त्यांना अजून माहीत नाही.